सरीत लावलेलं शेवाळ

तो माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि मी त्याला आवडावी असं मीही काही केलं नाही. आम्ही दोनदा भेटलो, एकदा फोनवर बोललो, बस. तेवढ्यात जे बिघडायचं ते बिघडून गेलं.

मी नाशिकबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, हायड्रॉलिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होते. असिस्टंट म्हणजे पंप चालू करायचा, बंद करायचा, मुलांनी फोडलेल्या नळ्यांची नोंद ठेवायची आणि परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांना चहा द्यायचा. पाण्याबद्दल मला काही कळतं असं तिथं कोणी धरून चालत नव्हतं. मात्र मला कळत होतं. वीसेक वर्षं रोज काचेतून पाणी बघितल्यावर कळतंच माणसाला, डिग्री असो नसो.

लॅबच्या मधोमध एक लांबलचक हौद होता, त्याला फ्ल्यूम म्हणतात. दोन्ही बाजूंना काच, तळाला पत्रा. एका टोकानं पंप पाणी सोडतो, दुसऱ्या टोकाला ते खालच्या टाकीत पडतं आणि परत पंपाकडे जातं. मध्ये वाळू पसरायची, पाणी सोडायचं आणि वाळूचं काय होतं ते काचेतून बघायचं. वाहून गेलेली वाळू शेवटच्या खोबणीत साठते, ती काढून, वाळवून वजन करायची. लाटा उठवणारी एक फळीसुद्धा होती, पण ती मी लागायच्या आधीच मोडलेली. दुरुस्तीचा अर्ज दर वर्षी मी टाइप करायचे आणि दर वर्षी तो कुठंतरी जाऊन बसायचा.

अशा आमच्या लॅबकडे समुद्राचं काम आलं. एका सरकारी ऑफिसला कोकणातल्या एका गावाचा किनारा सजवायचा होता. तिथं उथळ पाण्यात, दगडांवर शेवाळ वाढतं. विहिरीच्या पायरीवरचं हिरवं बुळबुळीत नव्हे, हातभर लांबीचं, तपकिरी, फांद्या आणि पानं असलेलं. ते पोहणाऱ्यांच्या पायात येतं, तुटून वाळूवर पडतं, कुजतं, आणि पर्यटक नाक धरून पळतात. म्हणून ते काढून टाकायचं का, एवढंच ठरवायचं होतं. काढलं तर किनाऱ्याची वाळू जागेवर राहील की जाईल, याचा रिपोर्ट द्यायचा होता. आमच्या विभागप्रमुख सरांनी काम घेतलं. ते कुठल्याच कामाला नाही म्हणत नसत, कारण करायला मी होते. समुद्राचं काय करायचं ते नाशकात ठरणार, यात त्यांना काही गंमतही वाटली नाही.

ऑक्टोबरची तलखी चालू होती. मी लॅबच्या फरशीवर बसून प्लास्टिकच्या पट्ट्या कापत होते, तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. साठीचा, काळा, उन्हानं पार आटलेला. खांद्यावर ओलं पोतं, आणि पोत्यातून माझ्या पुसलेल्या फरशीवर टपटप पाणी. वास असा की मी उठून खिडकी उघडली. मनातल्या मनात मी त्याचं नाव ‘सुकट’ ठेवलं आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. खरं नाव त्यानं रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, ते मी इथं लिहिणार नाही.

“शेवाळ हाडलंय,” तो म्हणाला. “कालचां ताजां. तुमी प्लास्टिकचां लावतास असां आयकलां, म्हणान.”

“हे फ्ल्यूममध्ये घालता येणार नाही,” मी म्हणाले. “पंपात अडकलं तर पंप जळेल.”

“दर्याक पंप लागणा नाय.”

“मग दर्यालाच विचारायचं होतं. इकडे कशाला आलात?”

“मी माझ्या मनान खंय इलंय? गावान धाडल्यानी.”

एवढं बोलून तो आत आला. मी या म्हटलं नव्हतं. त्यानं माझ्या पट्ट्या उचलून बघितल्या. मेन रोडवरच्या सजावटीच्या दुकानातून आणलेल्या होत्या त्या, मांडवाला लावतात तसल्या, हिरव्या, चकचकीत. तपकिरी मिळाल्या नाहीत, सर म्हणाले हिरव्या चालतील. सुकटनं एक पट्टी बोटांत धरून हलवली आणि हसला. त्या हसण्यानं माझ्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या आजवर उतरलेल्या नाहीत.

“ह्यां शेवाळ?” तो म्हणाला. “बाय, दर्या बघितलंस कधी?”

बघितला होता. लग्नानंतर मुंबईला गेलो होतो, तेव्हा नवऱ्याबरोबर चौपाटीवर भेळ खाल्ली आणि परत आलो. पाण्यात पाय घातला नव्हता, चपला नव्या होत्या. पण हे मी त्याला कशाला सांगू? आणि त्यानं मला ‘तू’ म्हटलं होतं. आमच्याकडे अनोळखी बाईला कोणी असं एकेरीत बोलत नाही. त्यांच्याकडे बोलतात, हे मला नंतर कळलं, पण नंतर कळून काय उपयोग.

मग त्यानं सगळं सांगितलं, एका दमात. “माझां घर थंयच आसा. भरतीच्या रेषेपासून चाळीस पावलां. घराफुडे वाळू, वाळूफुडे दगड, दगडार ह्यां शेवाळ. पाणी येता तां ह्येच्यात शिरता आणि नरम पडता. ह्यां गेलां काय वाळू गेली, वाळू गेली काय घर गेलां. तुमच्या कागदार सगळां ठरतलां, समजलां?”

समजलं. एका माणसाचं घर माझ्या हौदावर अवलंबून आहे, हे ऐकून कोणालाही वाईट वाटलं असतं. मला वाटलं नाही. मला वाटलं, हा आपल्याला आपलं काम शिकवायला आलाय.

पोतं मी आत ठेवू दिलं नाही. मागच्या भिंतीला टेकवून ठेवा म्हणाले, सर बघतील. सर काही बघणार नव्हते, ते मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी वॉचमन ओरडत आला, तेव्हा मी आवारातल्या एका कोपऱ्यात खड्डा खणून ते पुरायला लावलं. एका रात्रीचा एसटीचा प्रवास करून मांडीवर आणलेलं शेवाळ होतं ते. असो.

आता पट्ट्यांचं सांगते, कारण सगळी गोम तिथंच आहे. सरांनी मला एका चिठोऱ्यावर लिहून दिलं होतं: पट्टी किती लांब, किती रुंद आणि एकूण किती. प्लायवूडच्या फळीला भोकं पाडायची, पट्टी ओवायची, खालून गाठ मारायची, फळी हौदाच्या तळाशी बसवायची आणि वर वाळू. भोकं नेमकी कुठं पाडायची, ते चिठ्ठीत नव्हतं. ते सरांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. लागवड कशी करायची ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मी नांदगावकडची. शाळेत जायच्या आधीपासून कांदा लावत आले. उकिडवं बसायचं, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताच्या अंगठ्यानं रोप चिखलात दाबायचं, आणि ओळ सरळ ठेवत मागं सरकायचं. बायका दोरी लावून ओळ धरायच्या, मला दोरी लागायची नाही. आई चारचौघींत म्हणायची, “हिची ओळ बघा, लय सरळ हाय.” माझं कौतुक घरात झालं ते तेवढ्याच एका गोष्टीसाठी. म्हणून मी फळीवर पेन्सिलनं लांबीला रेघा मारल्या, पाणी ज्या दिशेनं जाणार त्याच दिशेनं, आणि रेघेवर सारख्या अंतरानं भोकं पाडली. दोन ओळींमध्ये जागा सोडली, शेतातल्या सरीसारखी. तीन दिवस लागले. सर दारातून डोकावले आणि म्हणाले, “वा! काय सरळ आलंय हो!” आणि मोबाईलवर फोटो काढून गेले. चाचणीच्या दिवसापर्यंत ते लॅबमध्ये आले ते तेवढेच.

चाचणीच्या दिवशी सुकट परत आला. गावाचा माणूस समोर असला पाहिजे असं कागदावर होतं म्हणून. या वेळी पोतं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि तोही मला खटकला. सर आले, चार वाक्यं इंग्रजीत बोलले आणि मीटिंगला गेले. राहिलो आम्ही दोघं आणि हौद.

आधी मी नुसत्या वाळूवर पाणी सोडलं, पट्ट्यांची फळी न बसवता. थोडी वाळू हलली, थोडी खोबणीत पडली. मग पट्ट्या लावलेली फळी बसवली, वर तेवढीच वाळू अंथरली, पंपाची चावी तेवढीच फिरवली. पाणी कसं जातं ते दिसावं म्हणून वरच्या टोकाला पोटॅश परमँगनेटचे दोन थेंब सोडले. जांभळा रंग पट्ट्यांच्या ओळींमधून सरळ निघाला. दोन्ही बाजूंनी पट्ट्या, मध्ये मोकळी वाट, आणि त्या वाटेत पाणी चिमटल्यामुळे पळायला लागलेलं. तळाची वाळू आधी थरथरली, मग दाणा दाणा सुटायला लागला, मग प्रत्येक ओळीच्या मधोमध चर पडला. शेवटची खोबणी पंधरा मिनिटांत भरली. पट्ट्या नसताना गेली होती त्याच्या कितीतरी पट वाळू गेली.

सुकट काचेला नाक लावून बघत होता. हात मागे बांधलेले. पाणी थांबलं तसा म्हणाला, “परत.”

मी परत केलं. परत चर, परत खोबणी भरली. “परत,” तो म्हणाला. तिसऱ्यांदाही तेच. त्याच्या कपाळाला घाम आला होता.

“पाण्याक वाट करून दिलास तुमी,” तो सावकाश म्हणाला.

हे त्यानं सांगितलं, त्याच दिवशी, माझ्या तोंडावर. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लपवण्यात काही अर्थ नाही. त्यानं नेमकी चूक नेमक्या शब्दांत सांगितली आणि मी ती ऐकली नाही, कारण सांगणारा तो होता.

“तुमच्याकडे तोंडानं बोलून भागत असेल,” मी म्हणाले. “इथं मोजावं लागतं. तीनदा बघितलंत ना स्वतःच्या डोळ्यांनी? अजून काय दाखवू?”

त्यानं काचेवरून बोट फिरवत एकेक चर मोजला. मग सही करायची कुठं ते विचारलं, सही केली आणि चहा न घेता गेला. त्याचा चहा मी बेसिनमध्ये ओतला आणि मनात म्हटलं, जिरली. दुपारचा डबा मी त्या दिवशी चवीनं खाल्ला.

रिपोर्ट मीच टाइप केला. शेवाळामुळे तळाशी पाण्याचा वेग वाढतो, वाळूची धूप वाढते, सबब शेवाळ काढण्यास हरकत नाही. सरांनी खाली सही केली.

डिसेंबरात मी रजा टाकून नांदगावला गेले. दर वर्षी जाते. कांद्याच्या लागणीला बायका मिळत नाहीत, भावाला तेवढीच मदत, आणि खरं सांगायचं तर वहिनीला माझी ओळ दाखवायची हौस. माझं आणि वहिनीचं कधी पटलं नाही. ती कामाला वाघीण आहे, पण तिची ओळ माझ्यासारखी सरळ येत नाही, आणि ते आम्हा दोघींनाही ठाऊक आहे.

त्या वर्षी गुडघे बोंबलत होते. उकिडवं बसवेना, म्हणून मी एका अंगावर रेलून लावत होते. एका जागी रेलता रेलता हात बाजूला सरकत गेला आणि पाच-सहा हात अंतरात रोपं ओळ सोडून खाली सरीत गेली. सरीत म्हणजे दोन वरंब्यांमधून पाणी वाहतं त्या वाटेत. मी बघितलं, कंटाळा केला आणि तशीच ठेवली.

सकाळी भावानं पाणी सोडलं. मी बांधावर चहा पीत होते, तेवढ्यात वहिनीचा आवाज आला, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा.

“ओ ताई! ही ओळ कोनी लावली? तुमीच ना? इकडं या, बघा!”

मी गेले. बाकीच्या सऱ्यांतून पाणी टोकापर्यंत पोचलं होतं. माझ्या सरीत ते त्या रोपांपाशी येऊन थबकलं होतं, फुगलं होतं आणि पुढं सरकत नव्हतं.

“लय शहाण्या तुमी,” वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली. “सरीत कोन रोप लावतं? पानी तिथंच बसलं, गाळ बी तिथंच बसला. पुढची रोपं काय वाळवायची का? सरी मोकळी ठेवायची ती पानी पळावं म्हनून, एवढं बी नाय कळत, आन् शहरात पान्याच्या हापिसात कामाला!”

मजुरी करणाऱ्या बाया हसल्या. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी तिला सोडलं नसतं. त्या दिवशी मी खाली बसले आणि पाण्यात हात घातला. रोपांच्या मधे बोटाला मऊ गाळ लागला, पिठासारखा बारीक, तासाभरात साठलेला. शेजारच्या मोकळ्या सरीत हात घातला. तिथला तळ धुऊन निघाला होता, नुसती खडी हाताला लागली.

मी कांदा सरळ ओळीत लावते तो सरीतून पाणी पुढं पळावं म्हणून. त्या फळीवर मी शेवाळ लावलं तेही असंच, पाणी पळावं म्हणून. आणि मग पाणी पळालं, वाळू घेऊन गेली, आणि आम्ही लिहून दिलं की शेवाळ वाईट. दर्याला कोणी दोरी धरून शेवाळ लावून दिलेलं नाही. ते दगड सापडेल तिथं चिकटतं, इथं झुडूप, तिथं झुडूप, वाकडंतिकडं, पाण्याच्या आडवं. पाण्याला सरळ वाट मिळत नाही, ते पानापानात अडखळतं, दम टाकतं आणि वाळू सोडून देतं. “वाट करून दिलास,” असं तो म्हणाला होता. माझ्या डोक्यात एकदम इतका राग उसळला की मी हातातली रोपांची जुडी फेकून दिली. राग त्याच्यावर होता. तो बरोबर निघाला याचा.

दुसऱ्याच दिवशी मी नाशिकला परत आले. रविवार होता, लॅबची किल्ली माझ्याकडेच असायची. नवी फळी घेतली. या वेळी वाकडंतिकडं लावायचं ठरवलं, तर हात ऐकेना. चार भोकं पाडली की पाचवं आपोआप रेषेत यायचं. शेवटी डब्यातले मूठभर हरभरे फळीवर उधळले आणि जो जिथं थांबला तिथं भोक पाडलं. प्रत्येक भोकात एक पट्टी न लावता चार-पाच पट्ट्यांचा झुबका बांधला. पट्ट्या तेवढ्याच, वाळू तेवढीच, पंपाची चावी तेवढीच. पोटॅशचे थेंब सोडले. जांभळा रंग पहिल्या झुबक्यापाशी आला आणि फुटला. थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, थोडा झुबक्यामागे गोल गोल फिरत बसला. हौदाच्या त्या टोकाला पोचेपर्यंत तो इतका फिकट झाला होता की नीट दिसेना. पट्ट्या वाकून तळावर आडव्या पडल्या होत्या आणि त्यांच्याखाली वाळू जशी अंथरली तशी होती. मी वरच्या बाजूनं ओंजळभर वाळू मुद्दाम सोडली. तीसुद्धा झुबक्यांमध्ये येऊन बसली. खोबणीत चमचाभर पडली असेल. मी तीनदा करून बघितलं. तीनदाच, कारण त्यानंही तीनदाच बघितलं होतं.

सोमवारी सरांच्या केबिनमध्ये फोटो आणि वजनं घेऊन गेले. त्यांनी फोटो वर-खाली केले.

“आधीच्या ओळी कोणी लावल्या होत्या?”

“मी.”

“मग?” ते म्हणाले. “रिपोर्ट कधीच गेलाय. आता त्यात लुडबुड करायची नाही. तुमचं काम पंप चालू-बंद करायचं आहे ना? तेवढं करा.”

“तिथं एका माणसाचं घर जाईल, सर.”

“नाशकात बसून तुम्हाला कसं कळलं?”

“तुम्हाला नाशकात बसून सही करता आली, तसंच!” मी ओरडले. नांदगावच्या आवाजात ओरडले, बाहेर मुलं थबकली. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता आणि मला त्याचं समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू.

ज्या ऑफिसनं काम दिलं होतं त्यांना मी स्वतः पत्र लिहिलं, हातानं. पट्ट्या मी सरळ ओळीत लावल्या, तशा लावायला नको होत्या, चूक माझी आहे, शेवाळ काढू नये. सोबत फोटो आणि वजनं. त्यात एक ओळ अशीही घातली की विभागप्रमुखांनी एकदाही वाकून फळी तपासली नाही. ती ओळ घालायची गरज नव्हती, पण घातली. ऑफिसकडून उत्तर आलं की आपले पत्र मिळाले. कॉलेजकडून मेमो आला, आणि माझी बदली काँक्रीटच्या लॅबमध्ये झाली. तिथं मी सिमेंटचे ठोकळे मशिनखाली ठेवते आणि ते किती भाराला फुटतात ते लिहून घेते. पाणी बघायला मिळत नाही.

सुकटला फोन करायला मला आणखी दोन आठवडे लागले. नंबर रजिस्टरमध्ये होता, तो मी चिठ्ठीवर उतरवून पर्समध्ये ठेवला होता. रोज संध्याकाळी चिठ्ठी काढायचे, परत ठेवायचे. त्याच्यासमोर माझी चूक कबूल करायची म्हणजे जिवावर आलं होतं. तो हसेल, ती पट्टी हलवताना हसला होता तसं, हे मला सोसवत नव्हतं. शेवटी एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, कॉलेजच्या पायरीवर बसून लावला.

कोण बोलतंय ते सांगितलं. तो “बोला” म्हणाला. मी मधे थांबले तर परत बोलता येणार नाही, म्हणून सगळं एका दमात सांगून टाकलं. ओळी, सरी, वहिनी, हरभरे, पत्र. “तुम्ही बरोबर होता,” म्हणाले. “आम्ही वाट करून दिली पाण्याला. शेवाळ अजिबात काढू देऊ नका. कोणी आलं तर माझं नाव सांगा.”

मी शिव्यांची वाट बघत होते. शिव्या आल्या असत्या तर त्यांना उत्तर द्यायची माझी तयारी होती.

“काढलां,” तो म्हणाला. “दिवाळी झाल्यार लगेच. दगडासकट काढलां, परत वाढूक नको म्हणान.”

“पण गावानं कसं काढू दिलं? तुम्ही सांगितलं नाही का त्यांना?”

“गाव नायच म्हणा होतो,” तो म्हणाला. “दोन सभा झाल्यो, कोण हात लावूक देईना. मगे मी उभो रवलंय. सांगितलंय, मी नाशकाक जाऊन बघून इलंय. काचेत, माझ्या डोळ्यांनी, तीनदा. शेवाळ आसता थंय वाळू जाता. आमची म्हातारी माणसां चुकली, मी पण चुकलंय, असां सांगितलंय. मगे सगळे गप झाले.” मग तो म्हणाला, “पयलो दगड मीच काढलंय.”

तो गप्प झाला होता, सही करून गेला होता, तेव्हा मला वाटलं होतं की त्याचं तोंड बंद झालं. तसं झालंच नव्हतं. त्याला पटलं होतं. आयुष्यभर दारात बघितलेल्या दर्यापेक्षा माझा हौद त्यानं खरा मानला होता, आणि मी त्याचा चहा बेसिनमध्ये ओतत होते.

“आता कसं आहे?” मी विचारलं.

“उधाणाक पाणी विहिरीपर्यंत येता. विहीर मचूळ झाली. घराफुडे पंचवीसेक पावलां रवली आसतीत.” तक्रार करत नव्हता, विचारलं म्हणून सांगत होता. मग त्याचा आवाज बदलला, आणि पहिल्यांदाच त्यात मला कसलाच टोमणा ऐकू आला नाही. “बाय, तां परत लावूक येता काय हो? दगड आसत थंय, बाजूक टाकलेले. खंय ठेवूचे, किती अंतरार, तुमका माहीत आसतलां. तुमी मोजून बघितलास.”

“मला नाही माहीत,” मी म्हणाले. “खरंच नाही माहीत. मी फक्त पट्ट्या लावल्या होत्या.”

“बघून सांगा मगे,” तो म्हणाला. “तुमी सांगशात तसां लावतंय. तोपर्यंत मी कायच करणय नाय. मागच्या वेळी मनान बोललंय, तां बरां झालां नाय.”

मी त्याला पुन्हा सांगायला लागले की मनानं बोलला होतात तेच खरं होतं, पण त्यानं ऐकून घेतलं नाही. सवडीनं सांगा म्हणाला आणि फोन ठेवला. दारात रोज थोडा जवळ येणारा समुद्र बघत तो तिकडे माझ्या शब्दासाठी थांबून राहणार होता, आणि मला कांदा सोडून काही लावता येत नव्हतं.